‘स्वतःकडं लक्ष द्या’ म्हणता, पण लेकरू कुणाकडं द्यायचं?

मार्च महिना आला की आमच्या तालुक्यात महिला मेळाव्यांची रांग लागते. बातमी करायची म्हणून मी बहुतेक ठिकाणी जाते. अलीकडं प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास असतं. "बायांनो, आधी स्वतःची काळजी घ्या, स्वतःसाठी वेळ काढा, तुम्ही धडधाकट असाल तरच लेकरांचं नीट कराल." मग यादी येते. सकाळी चालायला जा, योगासनं करा, सात-आठ तास झोप घ्या, मैत्रिणींशी बोला, आवडीचं काही वाचा.

सल्ला चुकीचा नाही. डॉक्टरही हेच सांगतात. ज्या घरात आईची झोप होत नाही, त्या घरात चिडचिड आधी लेकरावरच निघते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण मेळाव्यात समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या मांडीवर लेकरू असतं. ते रडायला लागलं की बाई उठून मंडपाबाहेर जाते आणि तो सल्ला तिच्या कानावर पडतच नाही.

म्हणून मी या विषयाचा इतिहास शोधत गेले. आईची विश्रांती हा काही शहरातून आलेला नवा चोचला नाही. महाराष्ट्रात त्यावर शंभर वर्षं वाद झालेत, कायदे झालेत, शाळा निघाल्यात. हे सगळं वाचताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. आईला विश्रांती मिळाली ती तिच्या निर्धारावर नाही. लेकरू धरायला दुसरे हात मिळाले, तेव्हाच मिळाली. म्हणून मी या इतिहासाला दोनच प्रश्न विचारत गेले. ते हात कुणाचे होते? आणि त्याची किंमत कुणी मोजली?

सुरुवात आपल्या घरातूनच करू. आपल्याकडं बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. पहिलं बाळंतपण माहेरी. अंधारी खोली, शेक-शेगडी, धुरी, तेलानं अंग रगडणं, डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं. या काळात तिनं जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. आज आपण ज्याला ‘सेल्फ केअर’ म्हणतो, त्याचा पक्का बांधलेला कार्यक्रमच होता हा. तो करून घेणारी माणसंही ठरलेली होती. आई, आजी, न्हाऊ-माखू घालणारी बाई.

गंमत अशी की यातली बरीचशी सुटी ‘सुयेर’ म्हणून मिळायची. बाई विटाळाची, म्हणून चुलीपाशी यायचं नाही. म्हणजे तिला विश्रांतीची गरज आहे हे सरळ मान्य करायच्या ऐवजी ती अपवित्र आहे असं म्हणून तिला बसवलं. त्यामुळं काय झालं? विटाळ फिटला की हक्कही संपला. आणि ज्या घरात दोन वेळची भाकरी मजुरीवर, तिथं सव्वा महिना नुसता ऐकायला. शेतमजूर बाई पाचवी-बारसं उरकलं की लेकरू झोळीत टाकून बांधावर. माझ्या आजीनं तेच केलं. तिच्या तोंडून मी ‘बाळंतपण काढलं’ असं कधी ऐकलं नाही. ‘बाळंत झाले न् कामाला गेले’ असंच ती म्हणायची.

‘पूर्वी एकत्र कुटुंबं होती, त्यामुळं पोरं कधी वाढली कळलंच नाही’ असं आपण फार सहज बोलतो. कुणाला कळलं नाही, हे जरा घरातल्या थोरल्या आत्याला नाहीतर मावशीला विचारून बघा. आजी शेतात, आई शेतात, मग कडेवर लेकरू कुणाच्या? आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या पोरीच्या. तिची शाळा गेली आणि आपण त्याला ‘एकत्र कुटुंबाचा आधार’ असं नाव दिलं.

आता मुंबईत जाऊ, कारण हा प्रश्न पहिल्यांदा सरकारदरबारी गेला तो तिथल्या गिरण्यांमुळं. कोकण-घाटावरून गेलेल्या बायका गिरणीत प्रामुख्यानं सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करायच्या. चाळीतली दहा बाय बाराची खोली, गाव लांब, सासू-आई गावाकडं. लेकरू कुणाकडं ठेवायचं? १९२२च्या सुमारास मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स नावाच्या लेडी डॉक्टरनं गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिला आढळलं की जवळजवळ सगळ्याच लेकरांना अफू दिली जाते. ‘बाळगोळी’ नावानं ती सर्रास मिळायची. गोळी दिली की लेकरू गुंगीत पडून राहायचं आणि आई पाळीला जायची.

आज हे वाचून आपल्याला त्या आयांचा राग येऊ शकतो. पण बघा, त्या आळशी नव्हत्या, निर्दयही नव्हत्या. लेकरू धरायला माणूस नव्हतं, तिथं अफू आली. एवढंच.

त्याच काळात जगात काय चाललं होतं? १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथं ठरलं की कामगार बाईला बाळंतपणाची बारा आठवड्यांची रजा हवी, त्या काळात पोटापाण्याची सोय हवी, आणि कामावर परतल्यावर अंगावर पाजायला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सुटी हवी. भारत त्या परिषदेत होता, पण हा करार काही भारतानं स्वीकारला नाही.

मग १९२८ साल. मुंबई विधिमंडळात रा. सी. आसवले यांनी गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक आणलं. विरोधाचा सूर ओळखीचाच होता. मालकांवर बोजा पडेल, धंदा दुसऱ्या प्रांतात जाईल. २८ जुलै १९२८ला या विधेयकाच्या बाजूनं बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा असा होता : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. देशाच्या हिताचं असेल तर खरं म्हणजे मोठा भार सरकारनं उचलायला हवा. सरकार तो उचलत नाही म्हणून मालकांची सुटका होत नाही, कारण बाईच्या कामाचा फायदा त्यांनाच होतो.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी आईला ‘तू स्वतःसाठी वेळ काढ’ असं सांगितलं नाही. तिची विश्रांती ही खर्चाची बाब आहे, तो खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा तेवढं बोला, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं.

आणि हे सांगणारा माणूस स्वतः कोण होता? रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच लेकरांपैकी चार गेली. सगळ्यात धाकटा राजरत्न जुलै १९२६मध्ये गेला. या भाषणाच्या बरोबर दोन वर्षं आधी. त्या भाषणात त्यांनी घरचं दुःख काढलं नाही. पण परळच्या चाळीत लेकरं कशी वाढतात आणि कशी जातात, हे त्यांना कुणी अहवालातून सांगायची गरज नव्हती.

१९२९ साली कायदा झाला. देशातला असा पहिला प्रांतिक कायदा. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानं, म्हणजे नागपूर-विदर्भ ज्यात होता त्या प्रांतानं, तसाच कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं, त्यामुळं आपल्या आज्या-पणज्यांना याचा वाराही लागला नाही.

कायद्यात एक गोम राहिली. पैसे एकट्या मालकानं द्यायचे होते. अशा वेळी मालक काय करणार? बाईला कामावर ठेवायलाच कां-कूं. बाबासाहेबांनी सरकारच्या वाट्याचा मुद्दा काढला होता तो का, हे इथं कळतं. हा खर्च विम्यावर टाकायची सोय पुढं १९४८च्या राज्य कामगार विमा कायद्यानं झाली. सगळ्या देशाला लागू असा मातृत्व लाभाचा कायदा आला १९६१ साली.

याच काळात दुसरी एक लढाई चालू होती. तिचा उल्लेख मेळाव्यात कुणी करत नाही, कारण विषय ‘तसला’. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. दर दीड-दोन वर्षांनी बाळंत होणाऱ्या बाईला कसली विश्रांती, असा साधा प्रश्न होता. समाजानं त्यांना शिव्या दिल्या, कोर्टात खेचलं. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. पुढं नोव्हेंबर १९३८मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. आज दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर ठेवा असं आशाताई दारोदार सांगते तेव्हा तिच्यामागं हा इतिहास उभा असतो.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. बाळंतपणाची रजा झाली, पुढं काय? लेकरू काही तीन महिन्यांत मोठं होत नाही. सहा वर्षांचं होईस्तोवर ते कुणाच्या तरी नजरेसमोर लागतं.

याचं फार सुंदर उत्तर महाराष्ट्रात सापडलं होतं, तेही आदिवासी पाड्यांवर. ताराबाई मोडक गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम करून आल्या. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या त्या कायमच्याच. पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सुरुवातीला शाळा मांडली तर वारली पाड्यांवरची पोरं येईनात. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना अशी अंगणातून आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती विकासवाडी. कोसबाडला दिसलं की मोठी पोरगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. तिला दटावून उपयोग नव्हता. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी केली. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. एका रचनेत तिघांची सोय, आणि घरी आई मोकळी. लेकरू धरायला हात दिले की घरातली थोरली पोर आणि आई दोघी सुटतात, हे त्यांनी करून दाखवलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. सन्मान आपण केला, विकासवाडी मात्र गावोगावी केली नाही.

दिल्लीत १९६९ साली असंच एक काम सुरू झालं. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालू होतं. तिथं वाळू-खडीच्या ढिगात मजुरांची लेकरं पडलेली बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर काढलं. त्यातून ‘मोबाइल क्रेश’ ही संस्था उभी राहिली. काम जिथं, पाळणाघर तिथं, आणि काम हललं की पाळणाघरही हललं. १९७२मध्ये हे काम मुंबईतही सुरू झालं.

१९७२ म्हटलं की आपल्या भागात दुसरीच आठवण निघते. दुष्काळ. सुकडी, मिलो, आणि खडी फोडण्याची कामं. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. आजी सांगायची, बाभळीला झोळ्या बांधलेल्या असायच्या आणि एक म्हातारी सगळ्या झोळ्यांना आळीपाळीनं झोका द्यायची. म्हातारीला हातोडा उचलत नव्हता, म्हणून बायकांनीच तिला तिथं बसवलं होतं. संध्याकाळी जो तो आपापल्यातली चिमूटभर सुकडी तिला द्यायचा. कायदा नव्हता, योजना नव्हती, बायकांनी आपसांत काढलेली तोड होती ती.

पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. कामावर पाणी, सावली आणि लेकरांची सोय हवी असं कागदावर आलं. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात तर स्पष्टच लिहिलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. बाभळीखालच्या त्या म्हातारीचं काम अखेर हजेरीपटावर आलं. वीस वर्षांच्या बातमीदारीत मी रोहयोची बरीच कामं बघितली. झोळ्या दिसल्या. मजुरी घेऊन झोका देणारी बाई मला एकदाही दिसली नाही.

कारखान्यांचंही तसंच. १९४८च्या कारखाने कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६मध्ये ती संख्या तीसवर आणली. मग अनेक ठिकाणी एकोणतीस बायका घ्यायच्या, असा हिशेब सुरू झाला. २०१७मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. यात फक्त बायका मोजायच्या नाहीत, सगळे कर्मचारी मोजायचे. आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं. कागदावर हे चांगलं पाऊल होतं, कारण लेकरू एकट्या आईचं नसतं हे त्या मोजणीत निदान मान्य झालं.

पण हे सगळे कायदे फाटकाच्या आतल्या बाईला लागतात. आपल्या केज-धारूर-वडवणीच्या पट्ट्यात किती बायका फाटकाच्या आत आहेत?

आपल्या बायका फडात असतात. दसरा-दिवाळी झाली की टायर गाडी, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल त्या कोयत्यावर. एक दिवस चुकला की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला उठायचं, कोपीवर भाकरी टाकायच्या, फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. लेकरू पाचटावर, नाहीतर थोरल्या पोरीच्या कडेवर. ती पोरगी सातवीत गेली की शाळेच्या पटावर नाव राहतं आणि पोर फडात असते.

साखर कारखान्यात पाळणाघर असलंच तरी ते तिच्यासाठी नाही, कारण कागदोपत्री ती कारखान्याची कामगारच नाही. ती मुकादमाची. मुकादम म्हणतो मी कारखान्याचा. असा सगळा खेळ.

आणि याची किंमत बायकांनी कशी मोजली हे २०१९ साली अख्ख्या देशाला कळलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तपासणीत तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीत दुखतंय, अंगावरून जातंय, पण खाडा परवडत नाही. मग पिशवीच काढून टाका. तिशी-पस्तिशीतल्या बाया या. अफूच्या गोळीनंतर शंभर वर्षांनी आपण इथं पोचलो. तेव्हा काम चालू राहावं म्हणून लेकराला गुंगीत टाकलं, आता आईच्या अंगातला अवयव काढला.

अशा बाईला ‘स्वतःसाठी वेळ काढ’ म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही म्हणाल, अंगणवाडी आहे की! आहे. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि ताराबाई-अनुताईंची अंगणवाडी देशभर पोचली. आज गावोगावी आहे. पोषण, लसीकरण, वजन, सगळं तिथं होतं, आणि त्यामुळं लेकरं वाचली यात वाद नाही. पण अंगणवाडी दिवसातले काही तासच उघडी. तीन वर्षांखालच्या लेकराला तिथं घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाही. म्हणजे ज्या वयात आई सगळ्यात जास्त थकते, तेव्हा अंगणवाडी तिला पाकीट देते आणि लेकरू परत तिच्याच कडेवर देते. कोसबाडहून कल्पना घेताना आपण वाडी घेतली आणि पाळणाघर तिथंच ठेवलं.

दोष सेविकेचा नाही. तिला सरकार पगार देत नाही, ‘मानधन’ देतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. लेकरं सांभाळणं हे काम आहे असं आपण मानतच नाही, मग ते आईनं केलेलं असो की सेविकेनं. ‘माया आहे म्हणून करते’ असं म्हटलं की पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही.

एक शब्द बापांविषयी. या सगळ्या इतिहासात बाप फार कमी दिसतो. केंद्र सरकारच्या नोकरदाराला पितृत्वाची १५ दिवसांची रजा आहे, खासगीत बहुतेक ठिकाणी तीही नाही. पण रजेची वाट कशाला बघायची? रात्री एकदा उठून लेकराचं लंगोट बदलायला सरकारी आदेश लागत नाही. आमच्या घरी मी रात्री उशिरा बातम्या पाठवायचे तेव्हा लेक माझ्या नवऱ्याच्या छातीवर झोपायची. शेजारच्या काकूंनी त्याची भरपूर चेष्टा केली, ‘बाळंतीण कोण रे तुमच्यात?’ म्हणून. मी टिकले ती त्या दोन तासांमुळं. आणि तोही काही खचला नाही. बापालाही लेकराजवळ बसायला मिळालं तर त्याचंही मन ठिकाणावर राहतं, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय.

आता मुद्द्याचं. पुढचा हंगाम फार लांब नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मध्ये २०२२पासून ‘पाळणा’ नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ग्रामपंचायतीला महिला-बालकल्याणावर खर्च करायची मुभा आहे, आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूदही आहे. म्हणजे सोयी अगदीच नाहीत असं नाही. मागणारा आवाज नाही.

म्हणून यंदाच्या महिला सभेत तीनच प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

एक, आपल्या गावात तीन वर्षांखालची लेकरं किती, आणि त्यांच्या आया कामाला गेल्यावर ती कुणाकडं असतात?

दोन, आपल्या अंगणवाडीसाठी ‘पाळणा’चा प्रस्ताव पाठवला का? नसेल तर कधी पाठवणार?

तीन, गावातली जी लेकरं ऊसतोडीला जातात, त्यांची नावं ज्या गावात फड आहे तिथल्या अंगणवाडीला कळवणार कोण?

आणि मेळाव्याच्या आयोजकांना हात जोडून विनंती. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळातले थोडे पैसे वाचवा. मंडपाच्या एका कडेला सतरंजी टाका, पिण्याचं पाणी ठेवा, आणि दोन बायांना त्या दिवसाची मजुरी देऊन लेकरं सांभाळायला बसवा. समोर बसलेल्या बाईला दोन तास मांडी मोकळी मिळू द्या. मग तिला काय सांगायचं ते सांगा. ती ऐकेल.

तुमच्या गावातली अंगणवाडी किती तास उघडी असते आणि तिथं तीन वर्षांखालचं लेकरू घेतात का, एवढं खाली गावाच्या नावासह लिहा. यादी झाली की ती घेऊन मी जिल्हा परिषदेत महिला-बालकल्याण विभागाकडं जाणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथंच कळवते.